तळपायाला लावलेलं औषध

दिवस कलायला लागला की मला अजून थकवा येतो. वयाचा म्हणाल तर तो आता सकाळपासूनच असतो, हा निराळा. लहानपणी इतर मुलींची संध्याकाळ खेळायची असायची, माझी कामाची. मळ्याच्या बांधावर जायचं आणि दादाला घरी घेऊन यायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला. दिवसा तो कुणाला हार जायचा नाही. पाणी धरणं, खुरपणी, बैल जुंपणं, सगळं चोख. पण ऊन उतरलं की त्याच्यापुढचं सगळं पुसत जायचं, आणि दिवेलागणीला तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचा. हाताचं ओझं काही फार नव्हतं. पण रोजचं होतं, आणि रोजच्या ओझ्याला माणूस कंटाळतोच.

ही दुसरी लढाई लागायच्या आधीची गोष्ट. कळसच्या शिवारात आमचा मळा होता. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, मिरची, कांदा आणि एका कडेला थोडा ऊस. पाणी पाळीनं मिळायचं, आणि पाळी काही माणसाची सोय बघून येत नाही. रात्रीची पाळी आली की आबा, म्हणजे आमचे वडील, एकटेच कंदील घेऊन जायचे. त्यांची कंबर धरायला लागली होती. मळा पुढं दादानं बघायचा तर त्याला रात्री दिसायला हवं होतं. नाही दिसलं तर मळा वाट्यानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा, एवढंच ते सरळ होतं. त्याचं लग्नही तिथंच अडलं होतं. रातांधळ्याला मुलगी कोण देणार?

गावाला रातांधळेपणा नवा नव्हता. उन्हाळ्याच्या अखेरीला पालेभाजी मिळेनाशी झाली की लहान पोरं, बाळंतिणी संध्याकाळच्या धडपडायला लागायच्या. बकऱ्याचं काळीज खाल्लं की त्यांना दिसायला लागायचं. आम्ही पडलो माळकरी. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, मटणाचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळं दादाचं दुखणं गावाला फार सोपं वाटायचं. ‘काळीज खात न्हाय म्हनून दिसत न्हाय,’ असा ज्याचा त्याचा निकाल झालेला, आणि ज्याला त्याला तो आम्हाला ऐकवायचाही असायचा. मला तर त्या शहाण्यांचाच जास्त शीण यायचा.

अशात बारामतीच्या दवाखान्यात एक डोळ्यांचे डॉक्टर येऊन राहिले. शहरातले, काटकुळे, चष्मा लावणारे. बोलताना ते तुमच्याकडं नाही, तुमच्या डोळ्यांकडं बघायचे. रातांधळेपणावर त्यांचा अभ्यास चालला होता. अन्नातलं एक सत्त्व कमी पडलं की हे दुखणं होतं आणि माशाच्या काळजातून काढलेल्या तेलात ते सत्त्व भरपूर असतं, असं ते सांगायचे. बैलगाडीनं गावोगाव फिरून ते तेलाच्या बाटल्या वाटत. तेलानं बरे होतील ते होतील. जे होणार नाहीत त्यांना बारामतीला बोलावून आरशानं डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा, अशी त्यांची रीत होती.

आमच्या आईनंही बाटली घेतली. ती कुणालाच नको म्हणायची नाही. डॉक्टरांची गाडी वळणाआड गेल्यावर तिनं बूच काढलं आणि घरभर वास सुटला. पडवीतून आबांनी विचारलं, “काय मेलंय गं?” आई बाटली पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिली. औषध तर द्यायचं, पण माळ घातलेल्या पोराच्या तोंडात मासा कसा घालायचा? मग तिला तोड सुचली. डोळ्यांची आग झाली की आमच्याकडं तळपायाला तेल चोळून काशाच्या वाटीनं घासतात. उष्णता पायातून उतरते आणि डोळे निवतात. तेल पोटात गेलं काय आणि तळपायात जिरलं काय, पोचायचं डोळ्यालाच, असा तिचा विचार. रोज जेवणं उरकली की ती दादाचे पाय मांडीवर घ्यायची आणि तळवे काळे पडेपर्यंत वाटी फिरवायची. दादाच्या टाचांच्या भेगा बुजल्या. शेजारपाजारची सगळी मांजरं त्याच्या मागं लागली. डोळ्यांचं मात्र होतं तेच राहिलं.

डॉक्टर पुन्हा गावात आले तेव्हा बहुतेक माणसं बरी झाली होती. आमच्या आळीतली एक बाळंतीण तर अंधाराची आडावर जाऊन पाणी आणायला लागली होती. डॉक्टर खुशीत आमच्या दारी आले आणि दादाला काहीच फरक नाही हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

“तेल नेमानं दिलंत ना?” त्यांनी आईला विचारलं.

“व्हय तर. येक दिस चुकवला न्हाय.”

“किती देत होता?”

“मावंल तेवढं. कवा डावा पाय जास्त पितो, कवा उजवा.”

डॉक्टरांना काही उमगेना. आईनं आतून वाटी आणून दाखवली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते हसतील असं मला वाटलं होतं, पण ते गाडीच्या जुवावर बसले आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, “बाई, हे पोटात घ्यायचं असतं. तुमचा मुलगा अजून बरा होऊ शकेल.”

त्या दिवशी आमच्या घरात आशा शिरली. तिनं आम्हाला जेवढं दमवलं तेवढं दुखण्यानं कधी दमवलं नाही.

 तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आबांनी दादाच्या गळ्यातली माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, आणि पाठोपाठ स्वतःचीही. आई म्हणाली, “तुमी का काढताय? तुमचं डोळं तर चांगलं हायत.” आबा म्हणाले, “पोरगं येकटं का बाटावं?” दोघे बापलेक देवाकडं पाठ करून चमचा चमचा तेल प्यायले. दादानं ते गिळलं. आबा मागच्या दारी जाऊन ओकले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चमचा घेऊन बसले. हे उन्हाळाभर चाललं. रोज दिवेलागणीला आई दादापुढं हात धरून विचारायची, “आता दिसतंय का?” पहिले काही दिवस दादा तिला वाईट वाटू नये म्हणून “जरा जरा” म्हणायचा. पुढं त्याला त्याचाही कंटाळा आला. गावात माळ काढल्याची बातमी फुटलीच होती. ‘तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं,’ असं लोक आबांच्या तोंडावर म्हणायला लागले. आबा खाली मान घालून पुढं जायचे.

शेवटी आम्ही सगळेच बारामतीला गेलो. घरच्या सगळ्यांना घेऊन या, असा डॉक्टरांचा निरोप होता. भल्या पहाटे गाडी जुंपली तरी पोचायला उन्हं तापली. दवाखान्यातल्या एका खोलीच्या खिडकीला घोंगडी लावून अंधार केला होता. डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यांत थेंब घातले, डोक्यामागं दिवा ठेवला आणि मधोमध भोक असलेला एक छोटा गोल आरसा आपल्या डोळ्याशी धरून ते वाकले. फार वेळ बघत होते. मग त्यांनी आम्हालाही एकेक करून बसवलं. दिव्याचा उजेड डोळ्यात शिरला की पाणी यायचं, आणि डॉक्टर म्हणायचे, “हलू नका.”

सगळं झाल्यावर त्यांनी घोंगडी बाजूला केली.

“डोळ्याच्या मागं एक पडदा असतो,” ते म्हणाले. “चुलीमागच्या भिंतीवर काजळी धरते ना, तशी याच्या पडद्यावर कडेकडेनं धरलीय. ही आत सरकत जाणार. हे तेलाचं दुखणं नव्हे.”

“म्हंजी आमी तेल पाजलं त्ये…” आबांनी वाक्य अर्धंच सोडलं.

“चूक तुमची नाही. पाजल्याशिवाय मला कळलं नसतं.”

“मग ह्याला इलाज?”

“आज तरी नाही. विलायतेतही नाही. शोध चाललाय.”

त्यानंतर उभ्या जन्मात हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले की आता कुणी म्हणालं तर मी फक्त मान हलवते. परवा नातवानं वर्तमानपत्रातून पडद्याच्या आजारावरच्या नव्या संशोधनाची बातमी वाचून दाखवली, तेव्हाही हलवली. शोध खोटा आहे असं नाही. त्या डॉक्टरांनी किती जणांना दिसायला लावलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण शोध आपल्या चालीनं चालतो आणि माणूस आपल्या चालीनं आंधळा होतो, त्याला काय करणार?

निघताना डॉक्टरांनी आबांना विचारलं, “तुम्ही दोघं नात्यातले का?”

“व्हय. ही माज्या मामाचीच लेक.” आबांनी अभिमानानं सांगितलं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. उलट बाहेरची केली तर लोक विचारतात, घरात काय उणं होतं?

 डॉक्टर जपून बोलले. हे दुखणं एकाच रक्तात लपून असतं, दोन्हीकडून आलं की वर येतं. नक्की कुणाला होईल ते सांगता येत नाही. “मुलीचा पडदा स्वच्छ आहे. पण हिला नात्यात देऊ नका.”

आबांनी बैल जुंपले आणि आम्ही निघालो. पण मी तर दिलेलीच होते. माझ्या बारशालाच आत्यानं मला ओटीत घेऊन ‘ही माजी सून’ म्हणून सांगितलं होतं. आत्याची वस्ती आमच्या मळ्यापलीकडं, कॅनॉल ओलांडला की. तिचा मुलगा सरळ होता, मला काही तो नावडता नव्हता. आणि आईच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. मी पलीकडं नांदायला गेले तर संध्याकाळी हाक मारली की येईन आणि दादाला घरी आणीन. जन्मभराची सोय होती ती.

आत्याला हे कळलं तेव्हा ती दारातूनच कडाडली. “माज्या आईबाच्या रगतात खोट काडतोय का त्यो डाक्टर? येक पोरगं आंधळं निगालं म्हनून समदं घराणं आंधळं व्हय?” आबा तिच्यापुढं नरमले. आई पदर तोंडाला लावून बसली. देवाच्या मनात असंल ते होईल, असं म्हणून सगळे लग्न ठरल्यासारखं बोलायला लागले. मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी काय सांगावं ते मला कळत नव्हतं. मी फक्त फार दमले होते.

बोलला तो दादा. जेवायला बसलो होतो. त्यानं ताट चाचपून भाकरी मोडली आणि म्हणाला, “आबा, हिला लांब द्या. परक्यात.”

“आनि तुला रं कोन?” आई म्हणाली.

“माजं ऱ्हाऊ द्या. हितं दिली तर माज्यावानी अजून येक हितंच चाचपडत फिरंल. मला न्हाय त्याची सोबत पायजे.”

आबांनी घास खाली ठेवला. पुढं त्यावर कुणी वाद घातला नाही. आत्या त्यानंतर आमच्या घरची पायरी चढली नाही; पुढं कितीतरी वर्षांनी आबा गेले तेव्हाही ती वस्तीवरूनच रडली. मला इंदापूरच्या एका अनोळखी घरात दिलं. बाजारपेठेत त्यांचं भाजीचं दुकान होतं. गाडीत बसताना मला सुटल्यासारखं वाटलं. पण खांद्यावर हात नाही म्हणून पहिले कितीतरी दिवस संध्याकाळी मला नीट चालताच येईना.

मळा वाट्यानं गेला. दादाची नजर दिवसाही आवळत गेली. नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसायचं, आणि ती नळीही बारीक होत चालली होती. माझा थोरला मुलगा चार वर्षांचा झाला त्या वर्षी आबा दादाला सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला घेऊन आले. दुपारभर तो भिंतीला टेकून बसला होता. दिवस मावळला, घरात अंधार झाला, तशी मी दिवा लावायला उठले.

“थांब तायडे, लावू नगं,” दादा म्हणाला. मग माझ्या मुलाला म्हणाला, “बाळ, आतल्या घरातनं मला तांब्या आनतू का?”

आतलं घर म्हणजे काळोख होता. पोरगं पळत गेलं. दादा काय तपासतोय ते मला कळलं. कुठं काही आपटलं नाही, पडलं नाही. ते तांब्या घेऊन पळतच आलं आणि मामाच्या हातात दिला.

“आता ताट आन.”

ताट आणलं. मग उशी. मग आबांची टोपी, ती तर खुंटीवर होती, पेटीवर चढून काढली. पोराला खेळ वाटत होता. दादा प्रत्येक वस्तू हातात घेऊन चाचपायचा आणि शेजारी ठेवायचा. आबा कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होते.

“मामा, मी दमलो,” शेवटी पोरगं म्हणालं.

दादानं त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या डोळ्यांवरून अलगद बोटं फिरवली. दादाच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते मला दिसलं नाही, त्याच्या आवाजावरून कळलं.

“बास, बाबा. बास,” तो म्हणाला. “तायडे, लाव आता दिवा. त्याला भूक लागली आसंल.”