ती वाळू दापोलीची होती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आणि मी काही पोटात गोष्ट ठेवणारी बाई नव्हे — गल्लीत कुणालाही विचारा. पण कॅमेऱ्याचा विषय निघाला की मी उठून चहा ठेवायला जाते.

माझ्या दादाचा लातूरला फोटो स्टुडिओ आहे. वहिनी बिलोलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोबाइलवर फोटो काढायचा एवढंच माहीत. दादानं तिच्या हातात कॅमेरा दिला आणि ती बघता बघता तयार झाली. हळद, बारसं, डोहाळजेवण — बायकांच्या कार्यक्रमाला लोक तिलाच बोलवायला लागले. तिच्यापुढं बायका मोकळ्या हसायच्या, अवघडून बसायच्या नाहीत. दादा येईल त्याला सांगायचा, "मला न्हाई जमत असं. हिला लई चांगलं जमून राहिलंय."

मी तेव्हा नांदेडला नोकरीला लागले होते. ऑफिसातल्या आम्ही बायकांनी दापोलीची सहल काढली. निम्म्या जणींनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. मी दादाला कॅमेरा मागितला, तो नाही म्हणाला. वहिनीनं त्याची समजूत घातली — हो, तिनंच. बॅगही तिनंच भरून दिली. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावलेली. हवा मारायचा रबरी फुगा. "ताई, पिशवी काढू नका. वाऱ्यात लेन्स बदलू नका. वाळू बसली तर पुसू नका, आधी फुग्यानं उडवा."

मी म्हटलं, "हाव गं बाई, हाव."

किनाऱ्यावर काय झालं? फार मोठं काही नाही. एक मैत्रीण म्हणाली, "अगं, कॅमेरा हाय का कोथिंबिरीची जुडी?" सगळ्या खिदळल्या आणि मला लाज वाटली. मी पिशवी काढून टाकली. वारा भन्नाट होता. लांबच्या होडीचा फोटो हवा म्हणून तिथंच, वाळूत बसून, लेन्स बदलली. काचेवर दाणे दिसले ते ओढणीनं खसाखसा पुसले — आमच्याकडं धूळ अशीच पुसतात, टीव्हीवरची असो की आरशावरची. मग झूम फिरवताना करकर झाली. ती मी ऐकली. ऐकलीच नाही असं म्हणायची सोय नाही मला.

लातूरला कॅमेरा द्यायला गेले तेव्हा वहिनी रेणापूरच्या एका बारशाला निघायच्या गडबडीत होती. म्हणाली, "एकदा साफ करून घेते."

"मी केलाय की," मी म्हटलं. "चालवून बी बघितला."

ती माझ्या शब्दावर गेली. तिथं बाळाला पाळण्यात घालायच्या वेळेलाच कॅमेरा अडकला. शटर उघडेना. लोकांनी मोबाइलवर भागवलं, पण तोंडं वाकडी झालीच.

संध्याकाळी दादानं लेन्स काढली तर आत वाळू. आता इथं नुसती गप्प बसले असते, तर फार तर भित्री ठरले असते. पण त्या बारशाच्या घराचं काम चालू होतं आणि दारात वाळूचा ढीग होता, हे वहिनी मघाशीच बोलता बोलता सांगून गेली होती. दादानं तिला विचारलं, "बॅग कुठं ठेवली होतीस?"

"जेवताना ओसरीवर ठेवली होती. तेवढंच."

आणि मी मध्येच म्हणाले, "मग तिथंच गेली की वाळू. माझ्याकडून आला तेव्हा चांगला होता कॅमेरा."

मला कुणी विचारलं होतं का? कुणीच नाही.

दादाच्या रागाला भ्याले म्हणावं, तर तो माझ्यावर कधी दिवसभरही रुसून राहिलेला नाही. खरं सांगू? मी जळत होते. मी शिकलेली, कमावती, त्याची सख्खी बहीण — आणि चारचौघांत कौतुक करायचं ते हिचं! ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरंच वाटलं होतं.

दादा ओरडला नाही. "तू आता अल्बमचं बघ," एवढंच म्हणाला. कॅमेरा हैदराबादहून दुरुस्त होऊन आला, पण तिच्या हातात परत गेला नाही. वहिनी का नाही आल्या, असं बायका काही दिवस विचारत राहिल्या. मग त्यांनीही सोडून दिलं.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की वहिनीला सगळं ठाऊक आहे. ती मला ओळखून आहे, फक्त बोलत नाही. ती मनातल्या मनात मला शिव्या देत असेल, याचा मला — कसं सांगू — आधारच होता.

परवा माझ्या धाकट्या जावेचं डोहाळजेवण झालं. दादा-वहिनी नांदेडला आले होते. जाऊबाईनं आपला मोबाइल वहिनीपुढं धरला, "तुम्ही काढा की फोटो."

वहिनीनं हात मागं घेतला. "मला नका देऊ बाई. माझ्या हातानं बिघडतंय. मागं ह्यांचा एवढा चांगला कॅमेरा मी वाळूत घालून बसले." हसत हसत म्हणाली. टोमणा नव्हता, राग नव्हता. तिनं ते खरंच मानलंय.

मी शेजारीच उभी होते. मोबाइल मी घेतला, वहिनीला म्हटलं, "जरा डावीकडं सरक," आणि फोटो काढला.