बावचीकाकांचा डावा हात

बावचीकाकांचं खरं नाव आमच्या नेपियर टाउन वस्तीत थोड्यांनाच ठाऊक होतं. डावा हात मात्र सगळ्यांना. मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी चट्टे. मध्यप्रांताच्या त्या दिवसांत कॉलेजात रसायन शिकवणारे हे आमचे शेजारी कोडावरचं औषध आधी स्वतःच्या हातावर लावून उन्हात बसायचे. फोड आला, की ते औषध बाद.

कोड होतं माझ्या मनगटावर. आईनं वैद्याकडून बावचीच्या बियांचं तेल आणलं, तर कातडी पोळून निघाली. काका हळहळले. "बियांत छप्पन भानगडी. कामाची चीज एकच. ती आपण शुद्ध बनवू," म्हणाले, आणि बिया बाजूला सारून तोच पदार्थ प्रयोगशाळेत साध्या रसायनांपासून बनवायच्या मागे लागले.

बनायचा, पण चिमूटभर. शेवटच्या पायरीला भांड्यात काळं डांबरच उरायचं. मी कुंपणावरून विचारी, "काका, झालं?" ते म्हणत, "अगं, घाई काहून करून राहिलीस?" पुढे त्यांना उमगलं, की खरी घाई त्यांचीच होती. मग आच मंद केली, रसायन थेंबाथेंबानं घातलं, सदर बाजारातून बर्फ आणून भांडं गार ठेवलं. चमचाभर पांढरे स्फटिक निघाले. घरी बारसं असल्यासारखे काका ती बशी घेऊन गल्लीभर फिरले.

त्या हिवाळ्यात औषध लावून आम्ही दोघं अंगणात उन्हात बसायचो; ऊन लागल्याशिवाय ते काम करत नसे. डागात तिळाएवढे रंगाचे ठिपके उगवले. नेमकी तेव्हाच मला बघायला नागपूरची मंडळी आली. आईनं मला लांब बाह्यांचं पोलकं घालायला लावलं. शेजारी म्हणून बोलावलेल्या काकांनी सगळ्यांसमोर माझी बाही सरकवली. "बघा जी, कसा छान रंग धरून राहिला!"

स्थळ गेलं. आईनं काकांशी अबोला धरला. मला मात्र काका त्या दिवशी फार आवडले. घरचे जे झाकत होते, ते कुणीतरी हौसेनं दाखवलं होतं. पुढे माझं लग्न ठरलं, ते बाही वर सारूनच.

त्या हिवाळ्याअखेर डाग भरत आला. मधे हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका उरला. "हा पुढच्या थंडीत जाईल," काका म्हणाले. थंडीच्या आधीच ते तापानं गेले. त्यांची रीत दुसऱ्या कुणाला साधली नाही, औषधही संपलं.

ठिपका अजून आहे. थंडीचं ऊन पडलं, की मी बाही वर सारून अंगणात बसते. शेजारी खुर्ची ठेवते. काका हवे होते, असं फार वाटतं.

"घाई नाही करून राहिली मी, काका," असं म्हणते, आणि ऊन उतरेपर्यंत बसून राहते.