आज पण व्होल्टेज नाय

पूर्णगडच्या आमच्या घरात संध्याकाळ झाली की बल्ब लाल पडायचा. सगळ्या वाडीचं हेच रडगाणं. उन्हाळ्यात तर पंख्याची पाती मोजता यायची. त्यामुळे बाबा पडवीतून ओरडले, ‘आज पण व्होल्टेज नाय!’ की आई स्वयंपाकघरातून वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडायची आणि मी तिला साथ द्यायची. बाबांच्या डोळ्यांचं काही असेल, हे कोणाच्या मनाला शिवलंही नाही.

बाबांचा जन्म बोटीवर गेला. घरी परतल्यावर त्यांनी एकच नाद धरला, पागाचा. पाग म्हणजे खाडीत हाताने फेकायचं गोल जाळं. मिळणारी मासळी एका वेळच्या कालवणापुरती, पण फाटलेला पाग सांधायला बसली की स्वारी खूश असायची. अलीकडे मात्र थोड्याच वेळात वैतागून पाग बाजूला भिरकावत.

शेवटी एकदा कामावरून येताना मी रत्नागिरीहून सगळ्या घरासाठी एलईडी बल्ब आणले. वीज कमी खातात आणि व्होल्टेज उतरलं तरी उजेड तोच राहतो, असं दुकानदार म्हणाला. घर लख्ख झालं. आईला वाशांवरची जळमटं दिसली आणि ती लगेच काठीला झाडू बांधायला लागली. ‘आता बसा खुशाल,’ मी बाबांना ऐटीत म्हटलं.

बाबा बसले. बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, ‘ह्यो पण मेला तसलाच गो बाय. फसवलान तुला.’

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडून मी त्याहून मोठा बल्ब आणला आणि स्टुलावर चढून स्वतः लावला. खाली बाबा पाग मांडीवर घेऊन तयारच होते. हात लांबवून बटण दाबलं तसे माझेच डोळे दिपले.

‘लावलास काय?’ त्यांनी विचारलं.

मी स्टुलावरून खाली पाहिलं. पागाला मूठ जाईल एवढं भोक होतं आणि बाबांची सुई त्याच्या शेजारी, धडक्या जाळ्यात गाठी मारत होती. आधीच्या गाठीही अशाच भलत्या जागी पडलेल्या. डोक्यावर पंखा भरभर फिरत होता. व्होल्टेज अगदी उत्तम होतं.

त्यांना घेऊन रत्नागिरीला जाताना मी एसटीत देवाला गाऱ्हाणं घालत होते, मोतीबिंदू असू दे. तो निदान काढता येतो. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब टाकून टिकवायची, पण फारच थोडी उरली आहे. ‘आधी कोणाच्या लक्षात नाही आलं?’ त्यांनी विचारलं. काय सांगणार? आम्ही वीजवाल्यांना शिव्या घालत होतो म्हणून? इतका राग मला जन्मात आला नव्हता आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. जुन्या बल्बांवर काढला असता, तर ते मीच भंगारात दिले होते.

थेंब चालू आहेत आणि नजर उतरतेच आहे. नवीन बल्ब मात्र एकही गेलेला नाही. मला त्यांचा उजेड आता सहन होत नाही. सारखं वाटतं, हे दिवे मी आणलेच नसते तर निदान आशेला जागा राहिली असती.

पाग खुंटीला आहे. तिन्हीसांजेला बाबा पडवीत येऊन रिकाम्या हातांनी बसतात. डॉक्टरांचं सगळं त्यांनी माझ्या शेजारी बसून ऐकलं आहे. तरीही विचारतात, ‘बाय, आज व्होल्टेज हाय काय गो?’

त्या पांढऱ्याफटक उजेडात त्यांच्यासमोर उभी राहून मी सांगते, ‘नाय बाबा. आज पण नाय.’