कच्च्या दोऱ्यावरचा झगा

अमेरिकन सिनेटचं सत्र संपलं त्या दिवशी माझ्या आतेभावाचं नाव मतदानाला न येता राष्ट्राध्यक्षांकडे परत गेलं. तो फेडरल कोर्टाचा न्यायाधीश झाला नाही.

न्यायाधीश न होता न्यायाधीशाचे सगळे नियम जन्मभर पाळणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झाला नसेल. झाला असेल तर त्याच्या घरच्यांबद्दल मला सहानुभूती आहे. हा आतेभाऊ, आमचा दादा, लहानपणीच आत्याबरोबर अमेरिकेत ट्रॉयला आला. इथल्या मराठी घरांतली बाकीची मुलं मोटारींच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत गेली. हा मात्र ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू मांडणारा, सरकारी पगारावरचा वकील झाला. इथल्या मराठी मंडळात त्याला ‘चोरांचा वकील’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

कशाहीबद्दल मत देण्याआधी आपले हितसंबंध जाहीर करायची त्याला खोड होती. एकदा गणपतीत मोदकांच्या स्पर्धेला त्याला परीक्षक केलं. ताटांना हात लावायच्या आधीच त्याने उभं राहून सांगितलं की पहिलं ताट मामेबहिणीचं, म्हणजे माझं, आहे, दुसरीच्या नवऱ्याने गेल्या हिवाळ्यातल्या बर्फात आपला ड्राइव्हवे साफ करून दिला होता, आणि तिसरीशी पार्किंगवरून आपलं वाजलेलं आहे. सबब आपण परीक्षक राहू शकत नाही. मग बाजूच्या खुर्चीत बसून त्याने सगळ्या ताटांतले मोदक शांतपणे खाल्ले. घरातलं हीटिंग किती ठेवायचं यावरून माझं आणि माझ्या नवऱ्याचं भांडण त्याच्यापुढे गेलं, तेव्हा त्याने दोघांना सारखा वेळ दिला, मध्ये बोलल्याबद्दल मला तंबी दिली आणि निकाल राखून ठेवला. तो अजून राखीवच आहे.

राष्ट्राध्यक्षांनी न्यायाधीशपदासाठी त्याचं नाव सिनेटला सुचवलं आणि चोरांचा वकील एका दिवसात ‘आपला दादा’ झाला. नेमणुकीआधीच्या चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याला शेजारच्या काकूंनी चहा आणि चकल्या दिल्या, शिवाय त्याचं स्वतःचं लग्न झालंय का तेही विचारलं. हे कळल्यावर दादाने त्या अधिकाऱ्याला फोन करून कळवलं की चकल्या आपल्या सांगण्यावरून दिलेल्या नाहीत.

आत्याने मात्र न्यायाधीशाचा झगा शिवायला घेतला. मला दिवस गेले होते तेव्हा, जन्माआधी टोपडं विणू नये म्हणून माझ्या हातातली लोकर काढून घेणारी ही बाई. नाव सुचवल्याच्या आठवड्यात तिने काळं कापड आणलं. उंची बघायला म्हणून दादाला बोलावलं, तर तो म्हणाला, “सिनेटचं मत झाल्याशिवाय अंगात घालणार नाही, आई.” म्हणून खालची पट्टी तिने अंदाजाने दुमडली आणि पांढऱ्या कच्च्या दोऱ्याने टाचून ठेवली.

सिनेटपुढच्या सुनावणीत एका सिनेटरने त्याच्या एका जुन्या अशिलाचं नाव काढलं. त्या माणसाचा गुन्हा ऐकवत नव्हता. हा प्रश्न येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळातल्या एका काकांनी उत्तरही पढवून ठेवलं होतं, “कोर्टाने केस गळ्यात मारली, एवढं म्हण ना यार, आणि फिनिश कर.” ते खोटंही नव्हतं. दादा म्हणाला, केस कोर्टाने दिली होती. पण निवड माझ्या हातात असती तरी मी ती घेतली असती.

त्यानंतर त्याच्या विरोधात कुणी मत दिलं नाही. विरोधात मत द्यायलाही तोंड उघडावं लागतं. आधी हसून हात मिळवणारे सिनेटर त्याचे फोन घेईनासे झाले, मतदान पुढे पुढे ढकललं गेलं आणि सत्र संपलं. पुढे त्या जागी दुसरे कुणी आले. त्यांना असा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. मंडळात लोक म्हणाले, आम्ही सांगत होतो.

“मी आधी शिवला म्हणून झालं,” आत्या म्हणाली.

“आई, त्याला पुरावा नाही,” दादा म्हणाला, आणि सोमवारी आपल्या अशिलांकडे परत गेला. जायच्या आधी तिने केलेला शिरा त्याने दोनदा मागून घेतला आणि त्याबद्दल मत दिलं नाही, कारण ती त्याची आई होती.

गेल्या ऑक्टोबरात कोर्टाच्या पार्किंगमध्ये तो कोसळला. फ्युनरल होममध्ये आत्या झग्याची घडी छातीशी धरून आली. आम्हा सगळ्यांना वाटलं, ती आता तो त्याच्या अंगावर घालणार. आमची कुणाची हरकत नव्हती. ती त्याच्याजवळ गेली. मग तिने घडी माझ्या हातात दिली.

“नको,” ती म्हणाली, “मत झालं नाही ना.”

झगा माझ्या कपाटात आहे. खालची पट्टी अजून कच्च्या दोऱ्यावरच आहे.