भोईर सरांचा वाळवंटी तुकडा

भोईर सर हजेरी घेताना चेहऱ्यांकडे बघत नसत, पायांकडे बघत. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि जमीन तुडवणे हा त्यांच्या लेखी मानवजातीचा एकमेव गुन्हा होता. मैदानातून कुणी तिरपं चाललं की गॅलरीतून आवाज यायचा, "अरे, जमीन जिवंत आहे! तुझ्या बापाची सतरंजी नाही ती!"

सरांचं घर मानपाड्याला, भातशेतीवाल्यांचं. निम्मं वर्ष चिखलात काढणाऱ्या या गृहस्थाने अभ्यासाला निवडली ती वाळवंटाची कातडी. शेवाळ, दगडफूल असल्या बारीक जिवांचा काळपट थर वाळूवर धरतो, वाळूला बांधून ठेवतो, वाऱ्यावर उडू देत नाही. चार थेंब पडले की हिरवा होतो. दिवाळीची सुट्टी लागली रे लागली की सर जैसलमेरकडे पळत. त्यांचे थोरले भाऊ भर अंगणात विचारत, "आपल्या शेतान चिखल कमी हाय का, म्हनून तू वालू बगाला जातंस?"

"दादा, चिखल कितीही तुडव. त्याला राग येत नाही."

तिकडे गावापासून लांब एक तुकडा त्यांनी भोवती दगड मांडून राखला होता. तो थर एकदा मोडला की वर्षानुवर्षं भरून येत नाही, असं त्यांचं ठाम म्हणणं. सहकारी चहा पिताना खिदळत, "भोईर, इतके नाजूक तर आमचे जावईसुद्धा नाहीत!" ज्यांनी कुंडीपलीकडे माती पाहिली नव्हती, तेच जास्त हसायचे.

आमच्या शेवटच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सहल तिथे गेली. सरांनी आम्हाला एकामागे एक चालवलं. तुकड्याशी पोचल्यावर कुठे उभं राहायचं, कुठे शिंकायचं, इथवर सूचना झाल्या. मग आमच्या वर्गातली सुनंदा म्हणाली, "सर, आज पाडवा ना. पाया पडते." आणि वाकली.

सर पक्के सुधारक. कुणी पाया पडायला वाकलं की त्यांना विंचू चावल्यासारखं व्हायचं. "अगं, नको, नको!" करत ते टुणकन मागे सरले ते थेट दगड ओलांडून आपल्याच तुकड्यात. पापड मोडावा तसा आवाज झाला.

सर एका पायावर उभे. बाहेर यायचं तर दुसरा पाय टेकायला हवा. सुनंदा रडायला लागली आणि आम्ही निर्लज्जासारखे हसलो. "हसा लेको, पण मला काढायला आत येऊ नका!" सर ओरडले. शेवटी त्याच पायाने उडी मारून ते बाहेर आले आणि गाडीत कल्याण येईपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसले. सुनंदाला मात्र डब्यातली चकली दिली.

पुढे दर दिवाळीला सर स्वतःचं पाऊल बघायला जाऊ लागले. स्टाफरूमला नवा खुराक मिळाला. "काय भोईर, पाऊल उगवलं का?" गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी मला पाठवलं. तोवर मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागलो होतो. रजा टाकून गेलो, आणि आल्यावर तडक मानपाड्याला. सर खाटेवर होते, भाऊ शेजारी.

"भरलं का रे?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण सरांशी जमलं नाही. "नाही सर. टाच अजून स्पष्ट दिसते."

सर ताडकन उठून बसले. "बघ! सांगत होतो ना मी? दादा, ऐकलंस? अजून तस्संच आहे!" त्यांनी मांडीवर थाप मारली. मग हात तिथेच राहिला.

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. "तुजाच खरा झाला ना? मंग रडतंस कनाला?"