मस्कतची ट्रायथलॉन: भावाचं घर की स्टार्टजवळची खोली?

मस्कतच्या ट्रायथलॉनसाठी नाव नोंदवलं त्याच संध्याकाळी मी स्टार्टपासून चालत जाता येईल असं एक हॉटेल शोधून ठेवलं होतं. पण बुक करायच्या आधी सुहासदादाला फोन केला. हा माझा मावसभाऊ. बरीच वर्षं मस्कतला, रुवी भागात राहतो. मूळचे आम्ही कणकवलीकडचे, पण दादा वाढला घाटकोपरला. त्यामुळे एरवी तो मुंबईचं मराठी बोलतो आणि रागावला की मालवणी.

"हॉटेल कित्याक?" तो म्हणाला. "आमी मेलंव काय?"

चाळिशी ओलांडलेली मी, पण लगेच माघार घेतली. "नाही रे, तसं नाही," म्हटलं आणि हॉटेलचं पान बंद केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायथलॉन म्हणजे आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावणं. सगळं सलग आणि ठरलेल्या वेळेत. मुलुंडच्या पालिकेच्या तलावात पोहून आणि पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर सायकल चालवून मी तयारी केली होती. ही माझी पहिलीच मोठी शर्यत. ती पूर्ण होईल की नाही याची धाकधूक होती, पण स्टार्टला पोचेन की नाही हा प्रश्न तेव्हा डोक्यातही आला नव्हता.

सायकल न्यायची असेल तर काही गोष्टी सांगते. पेडल काढायची, हँडल वळवून बांधायचं, टायरमधली हवा कमी करायची आणि सगळं कडक पेटीत भरायचं. पंप आणि हत्यारं चेक-इनच्या सामानात. हवा भरायची गॅसची छोटी नळकांडी घरीच ठेवा, तिथे विकत मिळतात. पेटी साध्या टॅक्सीत मावत नाही. नाहूरच्या घरून विमानतळाला जाताना पहिला टॅक्सीवाला पेटी बघूनच म्हणाला, "मॅडम, फ्रिज है क्या?" आणि निघून गेला. मग सहा सीटची गाडी मागवली. पेटीचे पैसे विमान कंपनीला आधीच कळवून भरा, काउंटरवर जास्त पडतात.

मस्कतला दादा मोठी गाडी घेऊन आला होता. मागची सीट पाडली की पेटी सरळ आत. हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं, नाहीतर विमानतळावर मला मोठी टॅक्सी शोधत फिरावं लागलं असतं. रुवीत सगळं आपलंच वाटतं. भाजीवाल्याकडे कढीपत्ता, कोपऱ्यावर चहा, हिंदीत भांडणं. वहिनीने दारातच पेटीकडे बघून विचारलं, "ही तू चालवणार की ही तुला?" मग ताटात सुरमईचा तुकडा वाढला. मग दुसरा.

"वहिनी, शर्यतीआधी साधं खायचंय मला."

"साधंच आहे गं. मसाला कुठे घातलाय!"

दुसऱ्या दिवशी दादाने स्टार्टची जागा दाखवायला नेलं. सीबच्या बाजूचा किनारा, घरापासून गाडीने पाऊण तास. जाताना रस्ता रिकामा, रुंद, दोन्हीकडे भुरे डोंगर. येताना एक फाटा चुकलो आणि बराच वेळ भलतीकडेच गेलो. शर्यतीच्या दिवशी सायकली ठेवायचं आवार पहाटे, उजाडायच्या आधी बंद होतं. त्यानंतर आलेल्याला आत घेत नाहीत. हे मी दादाला दोनदा सांगितलं.

"पोचवतो गो. मागच्या गल्लीतून काढतो."

मला विश्वास ठेवायचा होता. ठेवला की ठेवल्यासारखं केलं, हे आजही नक्की सांगता येत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सायकल जमा करायची असते आणि सगळ्यांना नियम समजावतात. पडद्यावर नकाशा आला. त्यावरची लाल रेघ म्हणजे सायकलचा मार्ग, आणि ती दादाच्या घराकडून येणाऱ्या रस्त्यावरूनच जात होती. रस्ता पहाटेपासून बंद. लांबच्या वळणाने या, गर्दी असेल, वेळ हातात ठेवा, असं आयोजक सांगत होते. बाजूच्या माणसाने माझा चेहरा बघून विचारलं, बरं वाटतंय ना?

तिथूनच ते हॉटेल फोनवर पाहिलं. एकच खोली शिल्लक होती आणि दर जवळजवळ दुप्पट झाला होता. (शर्यतीची तारीख कळली की खोली आधी बघा, विमान नंतर.) दाबायचं बटण समोर होतं, पण दादाला न सांगता ते दाबणं मला जमेना. हा सभ्यपणा की घाबरटपणा? खोली गेली असती तर तयारीची एवढी वर्षं एक "नाही" म्हणता न आल्यामुळे वाया गेली असती. शेवटी खोली घेतली आणि घरी जाऊन सांगितलं.

दादा टीव्हीकडे बघत राहिला. "म्हणजे आमचं घर लांब," तो म्हणाला.

"घर लांब नाही रे, रस्ता बंद आहे."

"तेच ते."

वहिनी ओट्याशी होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "मग मी पण येते."

"तू कुठे?" दादाने विचारलं.

"हॉटेलात. ही एकटी पहाटे अंधारात चालत जाणार काय?"

"आणि मी?"

"फ्रिजमध्ये सुरमई आहे."

दादाला हसू आवरलं नाही. त्यानेच आम्हाला सोडलं. वहिनीने सोबत मऊ भाताचा डबा, दही आणि स्वतःची उशी घेतली होती. खोलीत शिरल्यावर तिने आधी कपाट उघडलं, मग बाथरूम, मग पलंगावर आडवी झाली.

"इतक्या वर्षांत या गावात मी हॉटेलात राहिले नव्हते गं," ती मग म्हणाली. "गावचा जो कोण येतो तो आमच्याकडे. नोकरी शोधायला, फिरायला, विमान बदलायला. हे म्हणतात, आमी मेलंव काय. पण चहा कोण करतो?"

ती तक्रार करत नव्हती. सरळ सांगत होती, जसं एखादी आपल्या कामाबद्दल सांगते. मी दोन दिवस दादाला दुखवायचं नाही म्हणून अडून बसले होते. वहिनीला काय वाटतं हे मी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं.

पहाटे चपला घालून आम्ही चालत स्टार्टला गेलो. बाहेरच्या वळणावर गाड्यांची रांग हलत नव्हती आणि एक मुलगा पोहायचा पोशाख अंगावर घालूनच तिच्यातून धावत येत होता. तो आत पोचला की नाही ते मला दिसलं नाही. समुद्र शांत होता. सायकलवर परतीला वाऱ्याने वाट लावली. धावताना ऊन एवढं की प्रत्येक पाण्याच्या टेबलाशी बर्फ टोपीत भरत होते. शेवटच्या वळणावर, परदेशी पाहुण्यांच्या टाळ्यांमध्ये, एकच आवाज ओळखीचा आला, वहिनीचा: "मेधा, पळ गो! चालतेस काय!" शेजारी दादाही होता. लांबच्या वळणाने आला होता, माझं पोहणं आणि सायकल संपल्यावर पोचला. "रस्ता बंदच होता," एवढंच म्हणाला.

वेळ संपायला थोडा अवकाश असताना मी पोचले.

घरी येऊन आता काही महिने झाले. पेटी गॅलरीत आहे, पदक कपाटात. तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला: आधीचे दिवस नातेवाईकांकडे खुशाल राहा, पण शेवटची रात्र स्टार्टजवळ काढा आणि हे पहिल्याच फोनवर सांगा.

हे लिहायला घेतलं कारण परवा वहिनीचा फोन आला. सईची, इकडे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या तिच्या मुलीची, प्रवेश परीक्षा विलेपार्ल्याला आहे, सकाळी लवकर. "पार्ल्यात चालत जाता येईल असं एक लॉज बघितलंय. एका रात्रीपुरतं. आधी तुमच्याकडेच आहोत."

"लॉज कशाला वहिनी? आमचं घर काय—"

मी थांबले. नाहूरहून पार्ल्याला सकाळच्या वेळी जायचं म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा भरवसा नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिकडून हसण्याचा आवाज आला.

"बोल ना गं. अर्धंच का सोडलंस?"

मी म्हटलं, "खोली तिघींची घ्या. मी पण येते."