वळून पाहणारा बैल

रामराव मूर्तिकाराला मी आयुष्यभर शिव्या घातल्या. चोर म्हणालो, उलट्या काळजाचा म्हणालो. त्यातली एकही शिवी मागे घेत नाही. पण सोनूमावशीची गोष्ट सांगायची तर मलाही त्याच पंगतीत बसावं लागतं, म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

सोनूबाई म्हणजे जुन्या जालन्यातली आमच्या शेजारची कुंभारीण. नात्याची नव्हे. पण माझी आई गेल्यावर मला भाकरी तिनंच घातली, म्हणून मावशी. वर्षभर माठ, पणत्या, चुली करायची आणि पोळा आला की बैल. ज्यांच्या दावणीला बैल नाही ते मातीची जोडी पुजतात आणि दुसऱ्या दिवशी, करीला, कुंडलिका नदीत सोडतात. बैल बाकीचे कुंभारही करायचे, पण मावशीचा लांबूनच ओळखू यायचा. भलामोठा खांदा, लहान डोकं, अंगावर बोटांचे ठसे तसेच ठेवलेले. आणि जोडीतल्या डाव्या बैलाची मान कायम मागे वळलेली.

मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "लगीन होऊन पिंपळगावाहून निघाले, तवा गाडीचा डावा बैल शिवेपर्यंत वळू वळू पाहून राह्यल्ता. मला मान वर करायची सोय न्हवती. त्यानं माझ्या वाटचं पाहून घेतलं."

तिची दुसरी खूण पोटाखाली असे. लहानपणी दगडाखाली सापडून तिचा उजवा अंगठा वाकडा झालेला. त्याच अंगठ्यानं ती प्रत्येक बैलाच्या पोटाला एक खोल, तिरपा खळगा पाडायची. तिथं पाणी साचतं आणि बैल लवकर विरतो. "देवाला ताटकळत ठिवू न्हाई," म्हणायची. त्यामुळे तिच्या हातचं काही कधी उरलंच नाही. दरवर्षी केलं, दरवर्षी नदीत गेलं.

मी गोपीकिशन सेठजींच्या आडतीवर गुमास्ता होतो. सेठजींनी वडिलांचा पुतळा करायला हैदराबादेहून रामराव मूर्तिकाराला बोलावलं. मुंबईला शिकून आलेला, मोठमोठ्या लोकांचे पुतळे केलेला माणूस. काम गुळगुळीत. मिशीचा केस न् केस विंचरलेला, पण पुतळा श्वास घेईल असं काही वाटायचं नाही. ऐन पोळ्याचे दिवस होते. मीच त्याला हौसेनं मावशीच्या अंगणात नेलं. चोराला घर दाखवणारा म्हणतात तो मीच!

दोन दिवस तो अंगणात मांडी घालून बसला. मावशीचे हात बघायचा आणि कागदावर रेघा ओढायचा. जाताना दोन जोड्या मागितल्या. मावशीनं पैसे घेतले नाहीत. पाहुण्याकडून पोळ्याच्या बैलाचे पैसे घेत नाहीत. एवढंच सांगितलं, "तिकडं नदीत सोडा बरं, घरात ठिवू नका."

रामराव हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं नाव मी हैदराबादेपर्यंत नेईन."

हे वाक्य मावशीच्या मनात घर करून बसलं. तिला ना दागिना हवा होता ना बक्षीस. स्टेशनावरून कोणी आलं की मला विचारायची, "बद्री, आलं का रे माझं नाव तिकडं?" मी म्हणायचो, जाईल मावशी, वेळ लागतो. अशी सहा वर्षं गेली. तेवढ्या काळात रामरावाचं नाव मात्र गाजलं. आता तो गुळगुळीत काम करत नव्हता. मोठा खांदा, लहान डोकं, बोटांचे ठसे. लोक या कामाला रामरावी घडण म्हणू लागले.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधी दहा वर्षं सेठजींच्या मुलाचं, बालकिशनचं लग्न निघालं. खास पाहुण्यांना भेट काय द्यायची? सेठजी म्हणाले, "बद्रीनाथ, हैदराबाद जा. रामरावांच्या मूर्तींच्या नकला मिळतात, एकावन्न आण. पाहताच पाहुण्यांनी विचारलं पाहिजे, हात कोणाचा?"

कारखान्यात प्लास्टरच्या नकला रांगेनं मांडल्या होत्या. बासरीवाला कृष्ण, दिवा धरलेली बाई, वाचणारी मुलगी. आणि शेवटी मावशीचा डावा बैल, मान वळवलेला. उचलून उलटा केला तर पोटाखाली तिरपा खळगा. तो कशासाठी हे रामरावाला ठाऊक नसणार. जसं होतं तसं उतरवलं होतं. मागच्या फळीवर धुळीत मावशीच्या हातचा खरा मातीचा बैलही दिसला. नदीत सोडलाच नव्हता.

आणि मला आनंद झाला, काय म्हणावं! वाटलं, हा माणूस लग्नाला येणारच आहे. चारचौघांत मावशीचं नाव घेईल, म्हणून तर खूण राखलीय. मी एकावन्नही बैलच घेतले.

लग्नात मावशीला मी आग्रहानं आणलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती मांडवाच्या कडेला बसली. भेटी वाटल्या गेल्या. एका व्याह्यानं विचारलं, "रामरावजी, ही कल्पना सुचली कशी?"

"वेरूळच्या लेण्यांत बसलो होतो," रामराव म्हणाला. "डोळे मिटले आणि हा बैल समोर उभा राहिला."

मावशी उठली. आवाज चढवला नाही. "पाव्हणं, तुमी माझ्या अंगणात बसल्ते. त्याच्या पोटाखाली पाहा, माझा आंगठा बसतो तिथं."

कोणीतरी हसलं. रामराव म्हणाला, "कोण ही बाई?" सेठजींचा चेहरा पडला. वडिलांचा दुसरा, उभा पुतळा रामरावाकडेच द्यायचा ठरत होता. ते माझ्याकडे वळले. "बद्रीनाथ, तू यांच्या शेजारचा. सच काय ते सांग."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे, निश्चिंतपणे पाहिलं. आपला माणूस उभा आहे म्हणून.

मला माझी नोकरी दिसली. सेठजींचा पडलेला चेहरा दिसला. फळीवरचा धुळीतला बैलही दिसला. तरी मी म्हणालो, "मला काय ठाऊक, सेठजी. पोळ्याचे बैल सगळे सारखेच दिसतात."

मावशी पदर सावरून मांडवाबाहेर गेली. पाहुण्यांची पंगत बसली आणि मी वाढायला लागलो.

त्यानंतरही ती माझ्याशी बोलायची. पाणी घे, सावलीत बस, पोरं कशी हायेत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच की हैदराबादेहून कोण आलं ते तिनं परत कधी विचारलं नाही.

पोळा आला. दरवर्षीसारखा मी जोडी न्यायला गेलो. अंगणात बैल वाळत होते, बाजारात असतात तसे. सगळ्यांच्या माना सरळ. अंग पाण्याचा हात फिरवून गुळगुळीत केलेलं. तिनं जोडी माझ्या हातात दिली.

"मावशी, डाव्याची मान?"

"वळून कोणाकडं पाह्यचं रे, बद्री?" ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

करीच्या दिवशी मी ती जोडी कुंडलिकेत सोडली. पोटाखाली खळगा नव्हता. विरायला फार वेळ लागला, आणि तोवर मी काठावर बसून राहिलो.